थर्मोकोलवर घर बसेल का?

प्रश्न: आमच्या घराच्या भिंती जोत्यापर्यंत आल्या आहेत. आत भराव घालून तो दाबूनही झालाय. पुढच्या पंधरवड्यात तळमजल्याचा स्लॅब थेट जमिनीवर पडणार आहे. घर बैठं आहे, १० मीटर बाय ८ मीटर. आमच्याकडे हिवाळा लांब आणि कडक असतो, त्यामुळे स्लॅबखाली इन्सुलेशन घालायचं हे नक्की. दिवाणखान्यात स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्याही टाकणार आहोत. पण घालायचं काय, यावर घरात एकमत होत नाही. कंत्राटदार चांदीसारखा चकचकीत, बुडबुड्यांचा रोल दाखवतो आणि म्हणतो, हा दोन इंच फोमच्या बरोबरीचा. धाकटे दीर इंजिनिअर आहेत, ते म्हणतात एक्सपीएसशिवाय, म्हणजे एकसंध कडक फोमच्या बोर्डाशिवाय, दुसऱ्या कशाला हात लावू नका. माल देणाऱ्याने पीआयआर नावाचा आणखी एक फोमचा बोर्ड सुचवला, कमी जाडीत जास्त काम म्हणून. सासरे म्हणतात, थर्मोकोलवर कधी कोणी घर बांधतं का, सगळं खाली बसेल. आणि मुलगी विचारते, एवढं प्लास्टिक जमिनीत कायमचं पुरायलाच हवं का? निर्णय शेवटी माझ्यावर आलाय. स्पष्ट सांगा.
— जोत्यावर अडलेली एक वाचक

उत्तर:

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुमच्या घराला साधा ईपीएस पुरेसा आहे. म्हणजे आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तोच, पण टीव्हीच्या खोक्यातून निघतो तो नव्हे. बांधकामाच्या प्रतीचा, 'ईपीएस १००' असा शिक्का असलेला घ्या. एकूण जाडी १०० मिलिमीटर, ५० चे दोन थर. ज्या खोलीत नळ्या आहेत तिथे आणखी एक ५० चा थर, आणि त्यासाठी तिथला भराव आत्ताच ५० मिलिमीटर खाली उतरवून घ्या. स्लॅबच्या चारही कडांना त्याच मालाची उभी पट्टी. चकचकीत रोल परत पाठवा. दिरांचा एक्सपीएस चुकीचा नाही. एका परिस्थितीत तोच घ्यावा लागेल, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एवढ्यावर थांबलो असतो, पण हा थर घरातल्या बाकी थरांसारखा नाही. खिडकी नंतर बदलता येते. छताखाली इन्सुलेशन पाच वर्षांनीही लावता येतं, भिंतीवर बाहेरून थर चढवता येतो. स्लॅबखाली जे गेलं ते गेलं. पुढे थंडी वाजली तर जुन्या फरशीवर नवा थर घालायचा, म्हणजे सगळे दरवाजे खालून कापायचे, जिन्याची पहिली पायरी बुटकी करायची, स्वयंपाकाचा ओटा उचलायचा. म्हणून आज दोन दिवस जास्त लागले तरी लागू द्या.

सासऱ्यांची शंका रास्त आहे आणि तिला आकड्यांतच उत्तर द्यायला हवं. १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो होतं. वरची फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून शंभरेक किलो. माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी घरांच्या हिशोबात चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. सगळं मिळून साडेपाचशे किलो. आता 'ईपीएस १००' मधले १०० म्हणजे १०० किलोपास्कल. चौरस मीटरवर जवळपास १०,००० किलो ठेवले की हा बोर्ड आपल्या जाडीच्या १० टक्के चेपतो. पण १० टक्के आपल्याला परवडणारे नाहीत, १०० मिलिमीटरच्या थरात तो पूर्ण एक सेंटीमीटर झाला. म्हणून कायमच्या वजनासाठी त्या आकड्याचा फक्त ३० टक्के भाग धरायचा असतो. तेवढ्या वजनाखाली पन्नास वर्षांतही तो दोन टक्क्यांपलीकडे चेपत नाही, या हिशोबाने हे ठरलेलं आहे. म्हणजे ३,००० किलो. तुमची गरज साडेपाचशेची.

मग सासऱ्यांनी आयुष्यभर पायाखाली दबणारा थर्मोकोल पाहिला, तो काय खोटा? नाही. सत्तर किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला की सगळं वजन जेमतेम ३० चौरस सेंटीमीटरवर येतं. चौरस मीटरच्या मापात ते तेवीस हजार किलो होतं. उघड्या बोर्डाला अख्ख्या घरापेक्षा आपली टाच जड पडते. वर काँक्रीट आलं की तेच वजन पसरतं. हा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना पटेल.

यात एक अट आहे. भिंतींचं वजन भिंतींच्या स्वतःच्या पायावर गेलं पाहिजे आणि स्लॅबवर फक्त फरशीचं आणि सामानाचं ओझं यायला हवं. तुमच्या बाहेरच्या भिंती जोत्यापर्यंत आधीच आल्या आहेत, म्हणजे तिथे प्रश्न नाही. पण आतली एखादी छत पेलणारी भिंत किंवा खांब स्लॅबवरच उभा करायचा विचार असेल, तर तेवढ्या पट्ट्यात माझं उत्तर लागू होत नाही. तिथे काय घालायचं ते दिरांनी वजन काढून ठरवावं. त्या कामासाठी ३०० किलोपास्कल आणि त्याहून मजबूत एक्सपीएस मिळतो, किंवा तिथे स्लॅबखाली वेगळा पाया घेतात.

आता रोल. त्याचा चकचकीत पापुद्रा उष्णता परत फेकतो, हे खरं आहे. पण किरणांच्या रूपात येणारी उष्णता, आणि समोर मोकळी हवा असेल तेव्हाच. छपराखाली पोकळीत ताणून लावला तर त्याचं काम दिसतं. तुमच्याकडे त्याच्या वर काँक्रीट आणि खाली खडी. दोन्ही त्याला चिकटून. तिथे उष्णता किरणांनी जातच नाही, स्पर्शाने जाते, आणि स्पर्शाने जाणाऱ्या उष्णतेला चमक अडवत नाही. उरले बुडबुडे. रोल आठ मिलिमीटर जाड आहे आणि एकही बुडबुडा फुटला नाही असं धरून चालू. जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिला पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागायचं, की थर उष्णतेला किती अडवतो ते मिळतं. ०.००८ भागिले ०.०४ म्हणजे ०.२. पन्नास मिलिमीटर ईपीएसचा तोच आकडा ०.०५० भागिले ०.०३६ म्हणजे जवळपास १.४. सात पट फरक. कंत्राटदार मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला कोणीतरी माहितीपत्रक दिलं असणार आणि त्यावरचा आकडा पोकळी धरून काढलेला असणार. त्याला इतकंच विचारा की हा आकडा काँक्रीट आणि खडीच्या मध्ये दाबून मोजलेला आहे का.

जाडी १०० का, हे तुम्ही विचारलं नाही, पण माल मागवताना कोणीतरी म्हणेलच की ५० बस झाली किंवा २०० घालाच. जमिनीवरच्या स्लॅबमधून जाणारी उष्णता काढायची एक ठरलेली रीत आहे, आयएसओ १३३७० या मानकात दिलेली. तुमच्या १० बाय ८ च्या घराचा हिशोब मी त्या रीतीने केला, खाली वाळू-खडीची जमीन धरून. इन्सुलेशन नसताना जमिनीत जाणारी उष्णता १०० मानली, तर ५० मिलिमीटर ईपीएसने ती ४५ वर येते, १०० ने २९ वर, १५० ने २२ वर. पहिल्या पन्नासने अर्ध्याहून जास्त काम केलं, दुसऱ्याने त्यात १६ ची भर घातली, तिसऱ्याने फक्त ७ ची. म्हणून बाकी घरात मी १०० वर थांबतो.

नळ्यांच्या खोलीत गणित बदलतं. खोलीत २० अंश आणि खाली माती १० अंशांवर असेल, तर फरक १० चा. नळ्यांनी स्लॅब ३० अंशांपर्यंत तापवला की तोच फरक २० होतो आणि खाली जाणारी उष्णता दुप्पट होते. ती तुम्ही पैसे देऊन तापवलेल्या पाण्याची उष्णता आहे. तिथे तिसरा थर घालताना मला जराही संकोच वाटत नाही.

(हे सदर उष्ण प्रदेशांत राहणारेही वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. जिथे वर्षभर प्रश्न उन्हाचा आहे, तिथे पायाखालची माती दुपारच्या हवेपेक्षा थंड असते आणि फरशीतून घराची उष्णता ओढून घेते. तिथे स्लॅबखाली इन्सुलेशन घालून ती वाट बंद करू नका. तो खर्च छतावर करा.)

आता कडांकडे येतो, कारण घरं थंड राहतात ती बहुतेक इथे. घराच्या मधोमध, स्लॅबखाली मातीचा केवढा तरी मोठा ढीग आहे. तिथून उष्णतेला बाहेरच्या हवेपर्यंत जायला लांबचा फेरा पडतो. कडेला मात्र स्लॅब, जोत्याची भिंत आणि बाहेरची थंडी यांच्यात हातभरही अंतर नसतं. खाली उत्तम थर घालून कड मोकळी सोडणं म्हणजे अंगावर जाड रजई आणि पाय बाहेर. स्लॅब आणि जोत्याची भिंत यांच्यामध्ये किमान २५, जमल्यास ५० मिलिमीटरची उभी पट्टी घाला. ती खालच्या थराला टेकलेली हवी आणि स्लॅबच्या पूर्ण जाडीइतकी वर यायला हवी. गवंडी ती दोन बोटं खालीच तोडतात, वरची कड दिसायला वाईट नको म्हणून. तोडू देऊ नका. ती फरशीच्या आणि भिंतीलगतच्या स्कर्टिंगच्या आत झाकली जाते.

आणि दार. हे मी स्वतःच्या घरात शिकलो. आमच्या मागच्या दाराबाहेरचा ओटा घरातल्या स्लॅबबरोबर एकाच दिवशी, एकसंध ओतला गेला. काम सोपं झालं, सगळे खूश. पहिल्याच हिवाळ्यात दाराच्या आत दोन फरशा इतक्या थंड पडायच्या की अनवाणी पाय ठेवला की दचकायला व्हायचं. सकाळी त्यांच्यावर दवासारखं पाणी धरलेलं असायचं, आणि पायपुसणं उचललं तर त्याच्या पाठीला काळे ठिपके. खालून पाझर येतोय अशी माझी समजूत होती. पाझर नव्हता. उघड्यावरचा ओटा घरातली उष्णता बाहेर ओढून नेत होता आणि खोलीतल्या हवेतली वाफ त्या गार फरशीवर पाणी होऊन बसत होती. तुमच्या घराला ओटा, पायऱ्या, बाहेरची पडवी जे काही असेल ते स्लॅबपासून वेगळं ओता आणि मध्ये तीच पट्टी येऊ द्या. उंबऱ्याखालीसुद्धा.

पाण्याचा विषय मी सगळ्यात गंभीर मानतो. कोणताही थर ओला झाला की त्याची उष्णता अडवायची ताकद कमी होते, आणि स्लॅबखाली तो पुन्हा सुकायला वर्षं लागतात. म्हणून इन्सुलेशनच्याही खाली धुतलेल्या, एकसारख्या खडीचा १०० मिलिमीटर थर हवा. बारीक भुकटी असलेली खडी किंवा मुरूम यासाठी चालत नाही. बारीक कणांमधून पाणी वातीसारखं वर चढतं, मोठ्या खड्यांमधल्या पोकळीत ते चढू शकत नाही. तुमचा भराव दाबून झालाय म्हणता. त्यावर हा थर अजून पडला नसेल तर बोर्ड येण्याआधी पडला पाहिजे, आणि त्याच्यासाठी उंची उरली आहे का हे आजच मोजा.

मग खडी, तिच्यावर बोर्ड, बोर्डांवर प्लास्टिकचा कागद आणि थेट त्याच्यावर काँक्रीट. कागद किमान ०.२५ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिन घ्या. सांध्यांवर १५० मिलिमीटर एकावर एक चढवून टेप लावा, प्रत्येक पाइपाभोवती बंद करा आणि कडेला उभ्या पट्टीवरून वर आणा. काही ठिकाणी कागद बोर्डांच्या खाली घालायची पद्धत आहे, ती चूक म्हणता येणार नाही. पण मी वर घालायला सांगतो, कारण ओतण्याआधी एखादी सर आली तर खाली घातलेल्या कागदाची परात होते आणि बोर्ड तिच्यात बसून राहतात. कागदावर वाळूचा थर मात्र कोणी सुचवला तरी घालू नका. ती वाळू पाणी धरून ठेवते आणि मग महिनोन् महिने वरची लाकडी फरशी फुगत राहते. हाच कागद मातीतून येणारे वायूही अडवतो. त्यातला रेडॉन हा मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. तुमच्या भागात त्याचा त्रास असेल, तर खडीत एक छिद्रांचा पाइप टाकून तो छतापर्यंत नेण्याची सोय आत्ताच करून ठेवा.

इथे एक्सपीएसची पाळी येते. ईपीएस म्हणजे फुगवून एकमेकांना चिकटलेले मणी. मणी स्वतः पाणी पीत नाहीत, पण त्यांच्या मधल्या बारीक फटींत थोडं शिरतं. एक्सपीएस एकसंध पिळून काढलेला असतो, त्याला त्या फटी नाहीत, म्हणून तो पाण्यात बुडाला तरी फारच कमी पाणी धरतो. निचरा होणाऱ्या खडीवर, कागदाखाली हा फरक निर्णायक ठरत नाही. वरचेवर पाणी साचणाऱ्या जमिनीत ठरतो. म्हणून एक काम करा. जोत्याच्या बाहेर, घराच्या सगळ्यात सखल बाजूला मीटरभर खोल खड्डा घ्या आणि दोन-तीन दिवस रोज सकाळी बघा. वर्षातल्या ओल्या दिवसांत तिथे काय होतं ते शेजाऱ्यांनाही विचारा. पाणी स्लॅबच्या थरापर्यंत चढत असेल, तर दीर बरोबर आहेत, एक्सपीएस घ्या, पण त्याआधी पाणी बाहेर काढायची वाट करा. खड्डा कोरडा राहिला तर जास्तीचे पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. आणि निळा, गुलाबी, हिरवा यांत पडू नका. तो रंग फक्त बनवणाऱ्याची ओळख असते, ताकद छापलेल्या आकड्यावरून ओळखायची.

पीआयआरबद्दल माल देणारा खरंच बोलला. त्याची वाहकता ०.०२२ च्या आसपास असते, म्हणजे १०० मिलिमीटर ईपीएसचं काम तो साठेक मिलिमीटरमध्ये करतो. जिथे उंची कमी आहे, जुनी फरशी उकरून नवी करायची आहे, तिथे मी तोच सुचवतो. पण तो ओल सोसत नाही, कापलेल्या कडांतून पाणी ओढतो. त्याला कागदाच्या वरच, कोरड्या बाजूलाच ठेवावं लागतं. शिवाय त्याच्यावरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा ओल्या काँक्रीटच्या क्षाराने खाल्ला जातो, म्हणून वर दुसरा कागद. तुमच्याकडे उंची आहे, मग हा उपद्व्याप कशाला?

मुलीचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं. तुमच्या ८० चौरस मीटरखाली १०० मिलिमीटर थर म्हणजे ८ घनमीटर. ईपीएस १०० चं वजन घनमीटरला साधारण २० किलो, कारण त्याच्या आकारमानात ९८ टक्के हवाच असते. म्हणजे जमिनीत जाणारं प्लास्टिक एकूण १६० किलोच्या घरात. कमी नाही, पण त्याच्या बदल्यात घर उभं आहे तोवर दर हिवाळ्यात इंधन वाचतं. ईपीएस आणि एक्सपीएस यांत तिच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. ईपीएस पेंटेनने फुगवतात. एक्सपीएस अनेक ठिकाणी एचएफसी-१३४ए या वायूने फुगवत आले आहेत, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापवणारा मानला जातो. असे वायू कमी करण्याचा करार २०१६ मध्ये किगालीत झाला आणि आता सौम्य वायूंनी फुगवलेला एक्सपीएसही मिळतो. घ्यावा लागलाच तर कोणत्या वायूचा आहे हे विचारून घ्या. हा वायू हळूहळू बोर्डातून निघून जातो आणि नव्या एक्सपीएसची उष्णता अडवायची ताकद काही वर्षांनी थोडी उतरते, हेही दिरांना सांगा.

प्लास्टिक मुळीच नको असेल तर फेसाळ काचेची खडी आहे. टाकाऊ काच दळून, भट्टीत फुगवून करतात. हातात घेतली तर दगडासारखी दिसते आणि स्पंजासारखी हलकी लागते. तिला वाळवी पोखरत नाही, ओल वर चढू देत नाही, म्हणजे खडीचं आणि इन्सुलेशनचं काम एकदमच होतं. पण उष्णता अडवण्यात ती ईपीएसच्या निम्मीही नाही, म्हणून दाबून झाल्यावर पाव मीटर जाडी तरी हवी. तुमचा भराव झालेला आहे. तेवढा उकरून बाहेर काढायची तयारी असेल तर जरूर विचार करा, मला ती वस्तू मनापासून आवडते. नसेल तर मुलीला सांगा, प्रश्न बरोबर होता, फक्त आपण तो भरावाच्या आधी विचारायला हवा होता.

शेवटी प्रत्यक्ष काम. खडीवर बारीक वाळूचा पातळ हात फिरवून पातळी करून घ्या. बोर्ड अंथरून झाले की प्रत्येकाच्या एका कोपऱ्यावर हलका पाय ठेवा. समोरचा कोपरा उचलला गेला तर खाली पोकळी आहे; बोर्ड काढा, वाळू सारखी करा, पुन्हा बसवा. तसाच ठेवला तर तो काँक्रीटच्या वजनाखाली मधोमध मोडतो. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. बोटभर फट राहिली तर तुकडा कापून बसवा किंवा फोमने भरा, नाहीतर तिच्यात काँक्रीट उतरून उष्णतेला सरळ रस्ता मिळतो. विजेच्या पीव्हीसी वायरी बोर्डाला उघड्या चिकटू देऊ नका, त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य थर्मोकोलमध्ये उतरतं आणि वायर कडक होते. त्या नळीतून न्या. वाळवीचा फवारा पाण्यात मिसळलेलाच वापरा. रॉकेल-पेट्रोलसारख्या द्रावणातला फवारा किंवा डांबर लागलं तर थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतो. वाळवी तो खात नाही, पण पोखरून वाट काढते, म्हणून फवारा टाळू नका आणि जोत्याची बाहेरची बाजू वीतभर तरी उघडी, दिसेल अशी राहू द्या. ओतताना एकचाकी गाड्या बोर्डांवरून नाही, फळ्यांवरून फिरवा. सळयांखाली रुंद बुडाचे ठोकळे द्या, टोकदार पाय कागद फाडतात.

ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः जा. हातात टेप आणि कात्री असू द्या. सगळा कागद चालून बघा, जिथे फाटलाय तिथे ठिगळ लावा, आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. नळ्या नेमक्या कुठून गेल्यात हे पुढे भोक पाडायची वेळ येईल तेव्हा त्याच फोटोंवरून कळेल. आणि त्या बाहेरच्या खड्ड्यात पाणी दिसलं, तर ओतण्याची तारीख पुढे ढकला आणि ते किती वर आलंय हे मोजून मला लगेच लिहा.